पातेल्यातली पुरचुंडी

ठोंब्या उठला! दोन दिवस कोपऱ्यात मान टाकून पडलेलं ते कुत्रं नुसत्या वासाने उठून उभं राहिलं. पाय लटपटत होते, पण शेपूट हलत होतं.

"बघितलंस?" वाडग्यावर फुंकर घालत आजोबा म्हणाले. "गोळ्यांना जमलं नाही ते माझ्या पातेल्याने केलं."

नातीला उड्या माराव्याशा वाटल्या. आज पोटात काही गेलं नाही, तर उद्या ठोंब्याला दवाखान्यात ठेवावं लागेल, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काय द्यायचं, काय टाळायचं, ते तिने स्वतः वहीत उतरवून घेतलं होतं. आजोबांनी वही उघडलीसुद्धा नव्हती. पस्तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचा स्वयंपाक केलेला माणूस. त्यांना कोण शिकवणार?

"मीठ नाही, मसाला नाही," सकाळी ते कुरकुरले होते. "कुत्रं आहे की पेशंट?"

"पेशंटच आहे, आजोबा."

तेव्हा मात्र ते हसले होते. कोंबडीची सगळी बारीक हाडं त्यांनी निगुतीने वेचून काढली होती. भात अगदी मऊ शिजवला होता.

डाव धुवायला नात मोरीपाशी गेली. तिथे कडेला फडक्याची एक छोटी पुरचुंडी पडली होती. अजून वाफाळत होती. तिने गाठ सोडली. आत शिजून लिबलिबीत झालेला कांदा होता आणि लसणाच्या चार पाकळ्या.

"आजोबा, थांबा! वाडगा ठेवू नका!"

वाडगा तोवर जमिनीला टेकला होता. ठोंब्याचं नाक काठापर्यंत पोचलं होतं. नात गुडघ्यांवर घसरत आली आणि तिने वाडगा झडप घालून उचलला. अर्धा भात तिच्या फ्रॉकवर सांडला. ठोंब्या बिचारा बघतच राहिला.

"अगं, वेड लागलं का तुला? आत्ता कुठे खायला उठला होता!"

"तुम्ही कांदा घातलात."

"घातला आणि काढलाही! वासापुरता. एक तुकडा शोधून दाखव त्यात."

"तुकडा काढला, पण रस तर पाण्यात उतरला ना? कांदालसणाने कुत्र्याचं रक्त बिघडतं, आजोबा. मांजराचं तर आणखी लवकर. शिजवून चालेल का, म्हणून मी दोनदा विचारलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या."

आजोबांपुढे ती आजवर एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. कॅन्टीनमध्येही कुणी बोललं नव्हतं.

आजोबांनी पुरचुंडी हातात घेतली. मग पातेल्यावर वाकून एक लांब श्वास घेतला. कांद्याचा घमघमाट सुटला होता. त्यांनी पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं ओतून दिलं.

ठोंब्या कुईकुई करत, धडपडत, वासामागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि तिथेच बसला. भूक शाबूत होती.

आजोबांनी पातेलं साबणाने दोनदा घासलं. ताजं पाणी भरून गॅसवर ठेवलं. मग हाताची घडी घालून ते नातीसमोर सरळ उभे राहिले.

"सांगा बाई," ते म्हणाले, "आधी काय घालायचं?"