पिवळं बोट

मृणालआजींनी भोपळ्याच्या वेलीवरचं नरफूल खुडलं आणि हात डोळ्यांजवळ नेला. बोटांना पिवळे कण लागले होते.

पोरांचा दमा वाढला म्हणून शहरातल्या सगळ्या झाडांमधला पराग घडवणारा जनुक कधीचाच बंद केलेला होता. तेव्हापासून नरफुलं रिकामीच उमलत, भोपळे औषधाच्या फवारणीवर धरत आणि आत एकही बी नसे. या फुलात तो जनुक जागा झाला होता. शेजारीच मादीफूल उमललेलं होतं; त्यात हा पराग पडला तर बी धरणार होतं, पण ऊन चढलं की ते मिटणार होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. परागखात्याची ओवी तपासणीला आली होती. पराग सापडला तर वेल जागीच जाळायची, असा नियम होता. आजींनी घाईघाईने नरफूल अंबाड्यात खोचलं.

"अगंबाई, भोपळ्याचं फूल माळलंत?" ओवी हसली.

"या वयात मला गजरा कोण आणून देणार गं?"

ओवी जवळ आली. पांढऱ्या केसांवर पिवळी धूळ सांडली होती. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि तिचं हसू मावळलं.

"आम्ही बिया वाळवून खायचो," आजी पुटपुटल्या. "दातांनी सोलत बसायचं. अख्खी दुपार जायची. जाळू नकोस गं."

ओवीने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग वाकून तिने ते बोट मादीफुलात खोलवर पुसलं.

"रुमाल विसरले आज," ती म्हणाली. "केस धुऊन घ्या, आजी. मागून साहेब येताहेत."