बाप बघतोय

"काका, बॅटरी ठणठणीत आहे. सकाळपासून व्हिडिओ कॉल चालू ठेवलात तर नवाकोरा फोनसुद्धा मान टाकणारच!" फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजारातली मोबाइल दुरुस्तीवाली हसली. रोहेलिओ हसला नाही. पडद्यावर आखातातलं परक्यांचं स्वयंपाकघर होतं, ओट्याशी कांदा चिरणारी त्याची लेक होती. पहिल्या पगारातून पोरीनं हा फोन धाडला होता, गप्पांसाठी नव्हे. मालकीण बाहेर पडली, की मालक तिच्याजवळ सरकायचा. तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या फोनातून बाप बघतोय हे दिसलं, की हरामखोर पाणी पिऊन परत फिरायचा. "बाबा, नजर हटवू नका," एवढंच ती म्हणायची. आत्ता तिच्यामागचं दार उघडलं. सुरी थांबली. "अगं, थांब!" रोहेलिओ ओरडेपर्यंत दुरुस्तीवालीनं लाल बटण दाबलंसुद्धा. "केला बंद. आता पुरेल दिवसभर." त्यानं परत कॉल लावला. रिंग वाजत राहिली. बॅटरी चाळीस टक्क्यांवरून हलत नव्हती.