डिक्कीतली टकटक

“लोकायची वापरलेली गाडी ठोकून कायले पाहतेस वं? आतून कोनी ओ देईल,” सासूबाई म्हणाल्या होत्या. रिंकीने ते हसण्यावारी नेलं.

छोट्या लेकीला, खुशीला, मुर्री गावी त्यांच्याजवळ झोपवून ती नवऱ्यासोबत, हेमेंद्रसोबत, वाऱ्यासारखी पळणारी जुनी महागडी सेडान पाहायला गोंदियाला एका दलालाकडे आली. अपघातानंतर पुट्टी भरलेला पत्रा बद्द वाजतो, म्हणून तिने बोटांनी दारं वाजवून पाहिली. खणखणीत होती.

डिक्कीवर टकटक केली, तर आतूनही टकटक झाली. हेमेंद्रने उघडली. रिकामी होती.

“पत्रा गुंजते, भाभीजी,” दलाल म्हणाला आणि त्याने डिक्की लावली.

आतून पुन्हा वाजलं. आधी तळहात, मग नखांचं खरवडणं. खुशी बाथरूमचं दार असंच वाजवते.

घरी फोन कोणी उचलत नाही. तुम्ही मुर्रीच्या जवळपास असाल, तर खुशी अंथरुणात आहे ना, तेवढं बघून येता का?