बाबांचं यकृत

थोरलीनं वही डॉक्टरीणबाईंसमोर उघडून ठेवली आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "आता हिलाच विचारा, रविवारच्या डब्यातून काय येतं ते."

बाबा दोन्ही लेकींच्या मधल्या खुर्चीत बसले होते. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. दर बुधवारी रक्त तपासायचं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा दोनच्या वर हवा. खाली उतरला तर गुठळीची भीती. गेले चार महिने तो दीडच्या पुढे सरकत नव्हता. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या मुळावर उठतं, हे थोरलीला पाठ होतं. ती पालक काट्यावर तोलून शिजवायची, रोज तेवढाच. वहीत घासन् घास लिहिलेला होता. फक्त रविवारची दुपार तिच्या हातात नव्हती. त्या दिवशी धाकटी डबा घेऊन यायची.

"ताई, हिरवं पानसुद्धा नसतं गं माझ्या डब्यात."

"चोर कधी कबूल झालाय?"

"मी खाल्लंय ना," बाबा मध्येच म्हणाले. "भोपळा होता. मी साक्षीदार."

"तुम्ही काय, हिच्यासाठी खोटी साक्षसुद्धा द्याल."

खरं सांगायचं तर थोरलीचं दुखणं पालकाच्या पानात नव्हतंच. धाकटी म्हणजे हुबेहूब बाप. तेच नाक, तोच डावा हात, हसताना खांदे उडवायची तीच तऱ्हा. रस्त्यात भेटलेला परका माणूससुद्धा तिला बघून म्हणे, "तुम्ही त्यांच्या ना?" आणि थोरलीकडे वळून विचारी, "या कोण?" रांगेत उभी राहायची थोरली, गोळ्या मोजायची थोरली, पायाला तेल लावायची थोरली. पण रविवारी डब्याचं झाकण निघालं की बाबांच्या तोंडावर जे तेज येई, ते बाकीच्या सहा दिवसांत तिला एकदाही दिसलं नव्हतं. कुणी राबावं आणि कुणी मिरवावं! आज ती एकच गोष्ट ठरवून आली होती. डॉक्टरच्या तोंडून रविवार बंद करायचा.

डॉक्टरीणबाई वहीची पानं सावकाश उलटत होत्या.

"के जीवनसत्त्व अंगात फार दिवस राहत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या रेणूला लांब शेपटी असते. यकृत ती तुकड्यातुकड्यानं छाटतं. उरलेलं थोटूक लघवीतून, पित्तातून बाहेर. दोन-तीन दिवसांचा पाहुणा. तेव्हा रविवारचं खाणं बुधवारी दिसू शकतं, हे तुमचं बरोबर."

थोरली ताठ बसली.

"पण या दोन रविवारी डब्याचा रकाना कोरा आहे."



"तेव्हा ताईनं येऊ नको म्हणून कळवलं होतं," धाकटी म्हणाली. "बाबांना सर्दी झाली होती ना."

"मला?" बाबा म्हणाले. "कधी?"

डॉक्टरीणबाईंचं बोट ओळीवरून खाली सरकलं. "आणि त्या दोन्ही बुधवारी आकडा दीडच."

थोरलीनं ते आकडे पाहिले होते. तिनंच लिहिले होते. लिहून तिनं पटकन पान उलटलं होतं. चोरासाठी लावलेल्या सापळ्यात आपलंच पाऊल पडावं, तसं तिला झालं. ती नजर खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली.

"म्हणजे खोट डब्यात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेपटी छाटायचं काम यांच्या यकृतात मंद चालत असणार. आलेला पाहुणा लवकर उठतच नाही. काही माणसांची जात्याच अशी ठेवण असते. तपासून घेऊ. तसं निघालं तर गोळी वाढवायची, बस. हे रक्तातून मुलांतही उतरतं, कुणात उतरतं, कुणात नाही. उद्या तुमच्यावर ही गोळी घ्यायची वेळ आली तर माहीत असलेलं बरं. दोघीही रक्त देऊन जा."

तीन आठवड्यांनी तिघं पुन्हा त्याच खुर्च्यांत बसली. बाबांचं यकृत खरंच मंद निघालं होतं. गोळी वाढवली आणि आकडा अडीचवर आला होता. मधले तिन्ही रविवार धाकटी आली होती, भोपळाच घेऊन. तिन्ही वेळा 'चुकले गं' हे दोन शब्द थोरलीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथूनच मागे फिरले होते.

डॉक्टरीणबाईंनी आधी धाकटीचा कागद पाहिला. "तुमचं यकृत चोख आहे. काळजी नको." मग दुसरा उघडला. "थोरल्या बाई, तुमचं मात्र वडिलांसारखंच."

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. छातीत काहीतरी भसकन उमललं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आळशी यकृत ते काय, पण तिनं तो कागद हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. एकदा, दोनदा.

"अरेरे," बाबा हसले आणि त्यांनी तिचा हात धरला. "तुला द्यायला हेच सापडलं का गं मला?"

आता मात्र 'चुकले' म्हणणं सोपं होतं. भरल्या हातानं कुणालाही देता येतं. ती धाकटीकडे वळली.

धाकटीनं आपला कागद उलटा करून टेबलावर ठेवला होता.

"घर तुझं, बाबा तुझे, आठवड्याचे सहा दिवस तुझे," ती म्हणाली. "आता हेही तुलाच का गं, ताई?"