कोरडा पाइप

सत्त्याहत्तर साली अंधेरीकडे विमानतळाची नवी इमारत उठत होती. आग विझवायच्या पाण्याचा एक पाइप अंबादास फिटरनं मुख्य नळाला जोडलाच नाही. घाईघाईत कोरडाच भिंतीत लिंपला आणि बाहेर राहिलेल्या भागाला लाल रंग फासला.

“झकास काम!” तपासणीच्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. अंबादासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्याच पाइपातून दोन ठोके आले.

भिंतीपलीकडून जोडीदारानं पान्यानं असे दोन ठोके दिले, की पाणी सोडायचं, ही त्यांची रोजची खूण. पण जोडीदार चंदू तर शेजारीच उभा होता.

“पलीकडं कोण आहे रे?” चंदू कुजबुजला.

पुन्हा दोन ठोके. मग घाईघाईनं, एकामागून एक.

साहेब वळून बघायच्या आत आवाज दाबावा म्हणून अंबादासनं पाइपाला तळहात लावला.

पाइप तव्यासारखा तापला होता.