भिंतीवरून आलेलं विरजण

"दुसऱ्या धर्मातली कुणी मैत्रीण आहे का तुम्हाला?" पाहणीतला प्रश्न मी वाचला.

"नाही बाई," मालनकाकू म्हणाल्या.

परसातल्या बुटक्या भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला. शेजारच्या मेहरुन्निसाचाचींनी ते ऐकलं होतं.

आपल्या प्रश्नाने काही मोडलं तर नाही ना, या धास्तीने मी तो बदलला. "अडीनडीला पहिली हाक कुणाला मारता?"

"मेहरूला. आणखी कुणाला?"

भिंतीपलीकडून एक डोकं वर आलं. "मग मघाशी नाही का म्हणालीस गं?"

"मला वाटलं, परक्या कुणाचं विचारतायत. तू काय परकी आहेस होय?"

चाची हसल्या. "सकाळी यांनी मला विचारलं, तेव्हा मीपण 'नाही'च म्हटलं." मग त्यांनी विरजणाची वाटी माझ्याकडे दिली. "द्या हिला. हिचं काल नासलं."

"हे मूळचं कुणाच्या घरचं?" मी विचारलं.

"कसं सांगणार?" काकू म्हणाल्या. "लग्न होऊन आलो तेव्हापासून कधी हिचं संपतं, कधी माझं."

वाटीतले ते सूक्ष्म जीव किती पिढ्या ही भिंत ओलांडत आले असतील, या विचाराने माझा दुसरा हातही आपोआप वाटीखाली गेला.