फक्त पीसीवर

ग्लेनिसच्या टेबलासमोर कोणी थांबेना. बार्न्सलीच्या त्या हॉलमध्ये जुन्या गेम्सचा बाजार भरला होता आणि आयोजकांनी तिला सह्या द्यायला बसवलं होतं. पुढ्यात तिच्याच फोटोंचा गठ्ठा: तरुण ग्लेनिस, अंगात मेणकापडाचा कोट, हातात वल्हं. पलीकडे यंत्रमानवाचा पोशाख घालून मिरवणाऱ्या एका बाप्यापुढे ही भलीमोठी रांग. लोक येत, ग्लेनिसच्या टेबलावर पिशवी टेकवत, पाकीट काढत आणि त्या रांगेत जाऊन उभे राहत. एका बाईने तर फोटोंवर चहाचा कप ठेवला.

शेजारच्या टेबलावर क्रेग आणि डीन सकाळपासून भांडत होते. दोघे शाळेपासूनचे दोस्त, आता पन्नाशीला टेकलेले, दुकानही एकत्रच मांडलेलं.

"पीसी हे काय खेळायचं यंत्र आहे?" क्रेग म्हणाला. "गेम सुरू होईस्तोवर माणूस म्हातारा व्हायचा. कन्सोल कसा, टीव्हीला लावला की चालू!"

"लावला की चालू आणि निम्मा गेम गायब. तुम्हाला अर्ध्या पानावरून उठवलं तरी ढेकर देता लेको."

"हा बघ." क्रेगने एक डबी उचलली. "सिनेमावरून काढलेला गेम धड निघत नाही म्हणतात. पण कन्सोलवर हा काय पळायचा!"

डबीवरचं चित्र ग्लेनिसने लांबून ओळखलं. "मी होते त्या सिनेमात," ती म्हणाली.

क्रेगने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. "काय सांगताय, बाई! मी इतक्यांदा पाहिलाय. तुम्ही कुठे दिसला नाहीत."

"कापलं मला."

हे वाक्य तिच्या तोंडात आडनावासारखं बसलं होतं. सिनेमाच्या पहिल्या खेळाला ती आईला घेऊन गेली होती. दिवे लागले तरी आई पडद्याकडे बघत बसली होती, आणि बसमधून घरी येईपर्यंत एका शब्दाने काही बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यातही नाही तुम्ही," क्रेग डबी उलटसुलट करत म्हणाला. "मला हा तोंडपाठ आहे. नावेत कोणीच नसतं. नाव आपोआप पलीकडे जाते."

"आपोआप!" डीनने कपाळावर हात मारला. "ऐकलंत? अरे गाढवा, नावाडीण आहे ना तिथे! पण पीसीवर. तुझ्या कन्सोलमध्ये मेलं जागाच पुरली नाही, म्हणून तुमची नाव भुताने चालवली."

"पण सिनेमातून तर..." ग्लेनिस म्हणाली.

"सिनेमाची कात्री गेम करणाऱ्यांना कोण कळवतंय?" डीन म्हणाला. " सिनेमा लागेल त्याच दिवशी गेम दुकानात हवा. मग आधीच्या कच्च्या पटकथेवरूनच करून टाकायचे. हे असं व्हायचंच."

ग्लेनिस उठून उभी राहिली. एका दुपारी कुठल्याशा कोंदट खोलीत बसून तिने त्या गेमसाठी संवाद म्हटले होते खरे. सिनेमातून उडाल्यावर तेही कचऱ्यात गेलं असणार, असंच ती धरून चालली होती. आयोजकांनी बोलावलं तेव्हाही तिला वाटलं, गेमच्या श्रेयनामावळीत नाव चुकून राहिलं असेल.

"माझा आवाज आहे?"

"आवाज, चेहरा, सगळं. चेहरा जरा बटाट्यासारखा आहे, राग मानू नका. तेव्हा सगळेच बटाटे होते."

तिला हसू आलं. डीनने गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला पीसी तिच्याकडे वळवला, गेम लावला आणि खेळायला बसला. मध्ये कुठे थांबून खेळ साठवायची सोय नव्हती. गल्ल्या, छपरं, दरोडेखोर. क्रेगने तिला खुर्ची दिली आणि स्वतः मागे उभा राहिला. एरवी प्रत्येक उडीला टोमणा मारणारा माणूस, पण आता तोही मान पुढे काढून बघत होता. यंत्रमानव मुंडकं काढून सँडविच खात होता. हॉलवाले टेबलं मिटायला लागले होते.

नदी आली. काठाला नाव, नावेत मेणकापडाचा कोट. ती आकृती वळली आणि ग्लेनिसच्याच तरुण आवाजात म्हणाली, "दमलास ना रे..."

डीनचं बोट कळफलकावरच्या लांबट कळीवर पडलं आणि बोलणं तिथेच तुटलं. नाव पलीकडच्या काठाला होती. नायक एकटाच पळत सुटला होता.

"काय झालं?" ग्लेनिसने विचारलं.

डीनचे कान लाल झाले. "सवय, बाई. ती बोलायला लागली की सगळेच दाबतात ते. म्हणजे... जरा लांबतं ना ते. हात आपसूक जातो."

क्रेगला इतका आयता मोका दिवसभरात मिळाला नव्हता, पण त्याने नुसती हातातली डबी खाली ठेवली.

"मागे जाता येतं?"

"नाही. पहिल्यापासून खेळावं लागतं."

"पुढे काय म्हणते ती?" क्रेगने हळूच विचारलं.

"कोणास ठाऊक," डीन म्हणाला. "पुरतं मी कधी ऐकलंच नाही."

"मग बाई, तुम्हीच म्हणून दाखवा की. पाठ असेल ना?"

ग्लेनिसने खुर्ची पडद्याशी ओढली.

"पाठ आहे. घरी म्हणते मी, एकटीच. मला ते कोणीतरी ऐकताना बघायचंय. लाव पहिल्यापासून."